मास्तरीणबाईंची खालची कवळी

कवळीमास्तरांचा एक नियम होता. कवळी तयार झाली की ती प्लास्टरच्या साच्यावर बसवायची, खिडकीशी न्यायची आणि दोन्हींच्या फटीतून उजेड दिसतो का ते पाहायचं. केसाएवढा उजेड दिसला तरी कवळी पुन्हा कामाच्या टेबलावर. बेचाळीस वर्षं त्यांनी हा नियम मोडला नव्हता, आणि ही गोष्ट ते समोरच्याने विचारली नाही तरी सांगत.

दातांच्या डॉक्टरांना सगळे ओळखतात. कवळी प्रत्यक्षात बनवणारा माणूस मात्र मागच्या खोलीतच म्हातारा होतो. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते माप मास्तरांच्या खोलीत येतं. मास्तर त्यात प्लास्टर ओतून हिरडीचा हुबेहूब साचा काढतात, साच्यावर मेण चढवतात, मेणात एकेक दात लावतात, आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक येतं. कवळी डॉक्टरांकडे रवाना होते आणि कुणाच्या तरी तोंडात जाते. कुणाच्या, ते मास्तरांना बहुतेक वेळा ठाऊकही नसायचं. तोंडं डॉक्टरांची आणि साचे मास्तरांचे, अशी सरळ वाटणी होती. मास्तर माणसांना नावाने नाही, जबड्याने ओळखतात, असं त्यांची बायको म्हणायची, आणि ते काही फारसं खोटं नव्हतं.

ही बायको म्हणजे मास्तरीणबाई. मास्तरांशी लग्न केलं म्हणून हे नाव पडलं, एरवी त्यांनी जन्मात कुणाला बाराखडी शिकवली नव्हती. निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं त्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसल्या. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी स्वच्छ आहे पण शेजाऱ्याला जास्त येतं, हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि रजिस्टरात उतरवून घेतलं. दिवसभर इतक्या तक्रारी कानांवर पडायच्या की घरी आल्यावर स्वतःची एखादी करायची त्यांना शिसारी यायची. चप्पल चावत असली तरी त्या चालत राहायच्या. अशा माणसाबरोबर संसार करणं फार सोपं असतं, आणि मास्तरांनी तो सोपा संसार चाळीस वर्षं मजेत केला.

चौदा वर्षांपूर्वी हिरड्यांच्या दुखण्याने बाईंचे दात एकामागोमाग एक गेले. माप द्यायच्या दिवशी मास्तर स्वतः बरोबर गेले. तेव्हाचे म्हातारे डॉक्टर मायाळू होते, पण त्यांचा मापाचा ट्रे म्हणजे घमेलंच. त्यातला तो मऊ लगदा तोंडात गेला मात्र, बाईंना उमासे सुरू झाले. डोळ्यांतून पाणी, चेहरा लालबुंद, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरलेले. तीनदा माप फसलं, चौथ्यांदा जमलं. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मास्तरांचा जीव अर्धा झाला. हिला पुन्हा कधी या खुर्चीत बसू द्यायचं नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आणि ते त्यांच्या हातात होतं, कारण साचा त्यांच्याकडेच होता. तो त्यांनी कापसात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. पाच-सहा वर्षांनी कवळीचे दात झिजले तेव्हा त्यांनी त्याच साच्यावर नवी कवळी केली. चार वर्षांपूर्वी आणखी एक केली, आणि ती तर त्यांच्या हातून उतरलेली सर्वांत देखणी कवळी होती. पुढचा एक दात त्यांनी मुद्दाम किंचित तिरपा लावला, कारण बाईंचा मूळचा दात तसा होता. इतरांच्या कवळ्या डॉक्टर तोंडात बसवून तपासत. घरच्या माणसाला डॉक्टर कशाला? कवळी रुमालात गुंडाळून मास्तर घरी आणायचे. बाई ती तोंडात घालायच्या, जिभेने चाचपायच्या आणि म्हणायच्या, "छान झालीय." मास्तर पुढचे दोन दिवस हवेत असायचे.

वरची कवळी टाळूला चिकटून बरी राहायची. खालचीचं काय होतं, ते मास्तरांना एका मंगळवारी दुपारी कळलं.

त्यांची कामाची खोली घरापासून दोन गल्ल्यांवर, एका छापखान्याच्या माडीवर होती. साडेबाराला ते घरी येऊन जेवायचे. बाई समोर चहाचा कप घेऊन बसायच्या, "मी नंतर जेवते" म्हणायच्या, आणि एकला मास्तर परत जायचे. रात्रीही तेच, आणि कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. त्या मंगळवारी ते खोलीवर पोहोचले आणि घासायच्या मोटरचा पट्टाच तुटला. मास्तर वैतागून घरी परतले. किल्लीने दार उघडलं, पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे वळले आणि दारातच थबकले.

बाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. बशीत सफरचंदाचा कीस होता, वाडग्यात दुधात भिजवून काट्याने चेचलेला पाव. खिडकीच्या कट्ट्यावर, भांडी घासायच्या साबणाशेजारी, एका पेल्यात ती देखणी कवळी बुडवून ठेवलेली होती. बाई भराभर खात होत्या, कुणी बघायच्या आत उरकून टाकावं तशा. चावताना हनुवटी नाकापर्यंत येत होती. मास्तरांनी त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं.

चाहूल लागली तशा त्या वळल्या आणि त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला.

"कवळी काढून जेवतेस?" मास्तर म्हणाले.

"खाताना ती मधे मधे येते हो," हाताआडून बाई म्हणाल्या.

खाताना कवळी मधे येते! कुणी थोबाडीत दिली असती तरी मास्तरांना इतकी लागली नसती.

"कधीपासून?"

"ही केलीत तेव्हापासून." बाईंना खोटं बोलणं कधी धड जमलं नाही. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे हिच्या आधीचीसुद्धा जरा हलायचीच."

मास्तरांना राग आला. कुणाचा, ते विचारू नका. आपलं काम फसलंय असं ऐकलं की कारागिराला आधी राग येतो, लाज मागून सावकाश येते. पेल्यातली कवळी त्यांनी रुमालात गुंडाळली आणि घरातल्या सपाता घालूनच तरातरा खोलीवर निघाले. छापखान्याच्या दारातला माणूस त्यांच्या पायांकडे बोट दाखवून हसत होता, तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

वर जाऊन त्यांनी कपाटातला साचा काढला, कवळी त्यावर बसवली आणि खिडकीशी नेली. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, तिरकी धरून पाहिलं. उजेडाचा ठिपकासुद्धा नाही.

"बघा," ते रिकाम्या खोलीला म्हणाले, "दोष कुठाय?"

मग साचा परत ठेवताना तो हातात उलटा झाला आणि खालची तारीख दिसली. पेन्सिलीने, त्यांच्याच अक्षरात लिहिलेली. चौदा वर्षांपूर्वीची.

इथे मास्तरांच्या बाजूने दोन शब्द बोलावेत असं फार वाटतं, पण बोलण्यासारखं काही नाही. दात गेलेला जबडा झिजतो. दात धरून ठेवायचं काम उरलं नाही की ते हाड वर्षागणिक बसत जातं, हिरडीचा उंचवटा सपाट होतो, आणि खालच्या जबड्यात तर जास्तच. हे मास्तरांना माहीत होतं एवढंच नाही, तर ते दुसऱ्यांना ऐकवत असत. कुणा डॉक्टरने सहा महिन्यांपूर्वीचं माप पाठवलं तर मास्तर ते परत पाठवायचे, सोबत चिठ्ठी: माप शिळं आहे, ताजं पाठवा. शहरातल्या डॉक्टरांना त्या चिठ्ठ्या पाठ झाल्या होत्या. आणि स्वतःच्या बायकोचं माप मात्र त्यांनी चौदा वर्षं कापसात जपून ठेवलं होतं. कवळी साच्यावर चपखल बसत होती. बाईंचं तोंड अजून त्या साच्यासारखं आहे का, हे पाहायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मास्तरांनी स्टुलावर बसून कपाळावर हात मारून घेतला. यायची ती लाज आता आली.

घरी येऊन त्यांनी बाईंना खिडकीशी खुर्चीत बसवलं. "घाल ही. आणि आ कर."

बेचाळीस वर्षांच्या धंद्यात आपली कवळी तोंडात कशी वागते हे ते पहिल्यांदाच नीट पाहत होते. बाईंनी जीभ हलवली की कवळी उचलली जायची. गालाला बोट लावलं की ओल्या साबणावर ठेवल्यासारखी सरकायची. ती काढून त्यांनी टॉर्च मारला. हिरडी जवळजवळ सपाट झाली होती, आणि डाव्या बाजूला एक लालभडक चट्टा होता. त्याच्या कडेची हिरडी घट्टे पडून पांढरी झाली होती.

"हे दुखत नाही?"

"सवय झालीय."

"अगं, मग बोलायचं नाही का?"

"काय बोलू?" बाई म्हणाल्या. "तुम्ही ती रुमालातून काढायचात ना, तेव्हा तुमचा चेहरा असा असायचा, जसा काही वर्गात पहिला नंबर आलाय. त्यावर मी काय बोलणार? आणि खरं सांगू? बोलले असते तर परत ते माप द्यावं लागलं असतं. त्याचीही भीती होतीच."

म्हणजे दोघांनी एकमेकांना जपलं होतं, आणि या जपण्यापायी बाई चार वर्षं ओट्याशी उभ्या राहून एकट्या जेवत होत्या.

"उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं," ते म्हणाले. "आणि तू माझ्यासमोर टेबलाशी बसून जेवायचंस. कुठे दुखलं तर दुखतंय म्हणायचंस. तोवर मला चैन पडायची नाही."

डॉक्टरीणबाई म्हणजे त्या म्हाताऱ्या डॉक्टरांची मुलगी. आता दवाखाना त्याच चालवत होत्या. गेली तीन-चार वर्षं त्या मास्तरांना इम्प्लांटवर बसणाऱ्या कवळ्यांबद्दल सांगत होत्या आणि मास्तर त्यांची टर उडवत होते. "जबड्यात स्क्रू पिळायचे? तो माणूस आहे का कपाट?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी मात्र ते खुर्चीच्या कडेवर टेकले आणि सगळं कबूल करून मोकळे झाले: साचा, तारीख, सफरचंदाचा कीस, सगळं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. याबद्दल मास्तर अजूनही त्यांचे उपकार मानतात.

त्यांनी बाईंचं तोंड बराच वेळ तपासलं. मग म्हणाल्या, "मावशी, नवं माप घेऊन नुसती नवी कवळी करता येईल. आत्तापेक्षा बरी बसेल. पण हिरडीला उंचवटाच उरला नाही, तर कवळी धरून कशाला राहणार? जीभ तिला ढकलतच बसेल. म्हणून पुढच्या बाजूला हाडात दोन इम्प्लांट बसवायचे. त्यांच्यावर मण्याएवढी बटणं येतात. कवळीच्या आतून टोप्या असतात, त्या बटणांवर टचकन बसतात. रोज काढायची, धुवायची, परत लावायची. पण खाताना जागा सोडत नाही."

"हे कुणालाही जमतं?" मास्तरांनी विचारलं.

"हाड असलं तर. पुढचं हाड सगळ्यांत शेवटी झिजतं, तेवढी आशा आहे. पण स्कॅन बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

"आणि नसलं तर?" हे बाईंनी विचारलं.

"तर नुसत्या कवळीवर भागवावं लागेल, मावशी. पाव भिजवूनच खावा लागेल."

स्कॅनच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता, त्यावर मास्तर बसून राहिले. मोजलं जात होतं बाईंचं हाड, आणि धास्ती घेतली होती मास्तरांनी. नीट न बसणारी कवळी हिरडीवर वर्षानुवर्षं घासत राहिली तर हाडाचं काय होतं, हे त्यांना इतरांपेक्षा चांगलं कळत होतं, हीच तर पंचाईत होती. समोरच्या भिंतीवर दात कसे घासावेत याचं एक चित्र होतं. मास्तरांनी ते पंधरा वेळा वाचलं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. पडद्यावर राखाडी रंगाचा जबडा होता. मागच्या बाजूला हाडाची नुसती पट्टी उरली होती, ती बघून मास्तरांनी मान फिरवली.

"तिकडे नाही, मास्तर, इकडे पुढे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उंची बारा मिलिमीटर. रुंदीही आहे. पुरतं."

"पुरतं म्हणजे?"

"म्हणजे दोन इम्प्लांट व्यवस्थित बसतील."

मास्तरांनी त्यांचे दोन्ही हात धरले. मग ते सोडायचंच विसरले. तेव्हा बाईच म्हणाल्या, "आधी यांना पाणी द्या कुणीतरी."

राहिलं ते माप. खुर्चीत बसतानाच बाईंचा चेहरा उतरला होता. पण डॉक्टरीणबाईंचा ट्रे तळहातात मावेल एवढासा होता. त्यांनी बाईंना ताठ बसवलं, हनुवटी जराशी खाली घ्यायला लावली आणि म्हणाल्या, "नाकाने श्वास घ्या. आणि उजवा पाय वर उचलून धरा. नजर पायाच्या अंगठ्यावर."

"पाय कशाला?"

"लक्ष पायात अडकलं की घशाला उमासे काढायचं सुचत नाही. करून तर बघा."

बाईंनी पाय उचलला. बाजूच्या स्टुलावर बसलेल्या मास्तरांनीही उचलला, आणि आपण उचललाय हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. दोन मिनिटं नवराबायको एकेक तंगडी वर करून आपापल्या अंगठ्याकडे टक लावून बसले होते. पुढचा पेशंट आत डोकावला आणि त्याने दार हळूच लावून घेतलं. माप पहिल्याच फटक्यात आलं. ज्याच्या धास्तीने बाईंनी चौदा वर्षं काढली ते दोन मिनिटांत आटपलं होतं. बाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या.

इम्प्लांट बसवायला तासभर लागला. जागच्या जागी भूल दिली होती. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "दुखलं नाही. आवाज अगदी तुमच्या मोटरसारखा येत होता, मला घरच्यासारखंच वाटलं."

हाडाने इम्प्लांट नीट धरेपर्यंत तीन महिने थांबायचं होतं. तोवर जुनी कवळी आतून मऊ अस्तर लावून चालवायची, ती माणसांत वावरण्यापुरती. मास्तरांनी दोनदा आग्रह केला, पण जेवायला समोर बसायला बाई तयार झाल्या नाहीत. "बोळकं तोंड घेऊन मी तुमच्यापुढे बसणार नाही," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला. मास्तर साडेबाराला यायचे, एकटे जेवायला बसायचे, आणि अर्धं ताट तसंच टाकून उठायचे.

त्या तीन महिन्यांत ते दर शनिवारी वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे शिकायला गेले. टोप्या कवळीत कशा बसवायच्या, टोपीतलं नायलॉनचं कडं कसं बदलायचं, बटणं तिरपी झाली तर काय करायचं, सगळं त्यांनी लिहून घेतलं. सत्तरीचा माणूस समोर बसून शिकतोय म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनाच अवघडल्यासारखं व्हायचं. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले होते, "ते कपाटाचं मी मागे घेतो." त्यावर त्या म्हणाल्या, "राहू द्या हो, मास्तर. मी आता ते पेशंटना सांगते, लोक हसतात आणि घाबरायचे थांबतात."

नवी कवळी मास्तरांनीच केली, ताज्या मापावर. मेणात दात लावून ते चार वेळा दवाखान्यात गेले आणि चारही वेळा बाईंना खुर्चीत बसवून स्वतः वाकून बघितलं. साच्यावर कशी बसते हे सांगणं त्यांनी सोडलंच होतं. "तोंडात काय म्हणतेय?" एवढंच विचारायचे.

तो दिवस आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कवळी बाईंच्या हातात दिली. "तुम्हीच लावा, मावशी. अंगठ्यांनी दाबा."

बाईंनी दाबली. टच्. मग दुसऱ्या बाजूला, टच्. डॉक्टरीणबाईंनी बोटांनी ओढून पाहिली, ढकलून पाहिली. कवळी जागची हलली नाही.

"आता बोला काहीतरी."

"किती दिवस पाणी नाही? घर नंबर सांगा, सही करा, चला, पुढचे या!" बाईंनी एका दमात म्हटलं आणि खळखळून हसल्या. हसताना हात तोंडाकडे गेला नाही. मास्तर डॉक्टरीणबाईंना पुन्हा पुन्हा "फार उपकार झाले" म्हणत होते. त्या "अहो मास्तर, कवळी तुम्हीच केलीत" म्हणत होत्या, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

"टोचतंय का कुठे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे," बाई म्हणाल्या. "छान झालीय."

मास्तर चपापले. शब्द तोच होता आणि सूरही तोच. चार वर्षांपूर्वीही बाई हेच म्हणाल्या होत्या आणि मग ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. इम्प्लांट हाडात पक्के झाले, कवळी बटणांवर बसली, पण हिच्या मनातलं कळायला कुठला स्कॅन काढायचा?

"पहिले काही दिवस कुठे ना कुठे टोचतंच," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "सांगितलंत तर पाच मिनिटांचं काम आहे. गप्प राहिलात तर जखम होईल."

बाईंनी मान डोलावली. मान त्या नेहमीच डोलवायच्या.

साडेबाराला मास्तरांनी स्वतः टेबल मांडलं. दोन ताटल्या, दोन पेले. कडक सालीचा पाव, काकडीच्या चकत्या, परतलेल्या शेंगा, उकडलेलं अंडं. बाई समोर येऊन बसल्या. नव्या घरी पाहुणं आल्यासारखं दोघांनाही अवघडलं होतं. बाईंनी पावाचा तुकडा तोडला, तोंडात घातला आणि चावू लागल्या. मास्तर आपलं जेवण विसरून बघत होते.

"माझ्या तोंडात काय सिनेमा लागलाय?" बाई म्हणाल्या. "जेवा की."

मग त्यांनी काकडी उचलली. कुर्रकन आवाज आला, आणि त्या चावायच्या थांबल्या.

"अहो, ऐकलंत?"

"ऐकलं," मास्तर म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या बारा मिलिमीटर हाडाचे, डॉक्टरीणबाईंचे, कुणाकुणाचे आभार मानावेत ते त्यांना समजेना. बाईंनी एकामागोमाग तीन चकत्या संपवल्या, फक्त आवाजासाठी.

"बरी बसतेय ना?" मास्तरांनी न राहवून विचारलं.

"छान बसतेय."

पुन्हा छान. मास्तर खाली बघून अंडं सोलू लागले. आणखी खोदून विचारण्यात अर्थ नव्हता. दुखतंय हे ज्याचं त्याने सांगावं लागतं, दुसऱ्याने कितीही विचारलं तरी ते बाहेर येत नाही, एवढं त्यांना आता कळलं होतं. पण नजर वर गेलीच. बाई आता हळू चावत होत्या, आणि फक्त डाव्या बाजूने. घास उजवीकडे गेला की जिभेने तो परत डावीकडे आणत होत्या. मास्तरांनी दुसरं अंडं सोलायला घेतलं.

बाईंनी काटा खाली ठेवला.

"अहो."

"काय गं?"

त्यांनी ताटलीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग मास्तरांकडे. तीस वर्षं खिडकीपलीकडच्या माणसांना जे सहज जमत होतं, ते त्यांना किती जड जात होतं हे दिसत होतं.

"उजवीकडचा मागचा दात उंच लागतोय," त्या म्हणाल्या. "चावलं की खाली टोचतं. चांगलंच टोचतं. दवाखान्यातही टोचत होतं, मी बोलले नाही."

मास्तर इतक्या झटक्यात उठले की खुर्ची मागे पडली. ती तशीच टाकून ते पिशवीकडे धावले आणि निळा कागद घेऊन आले. उंच लागणाऱ्या जागेवर या कागदाचा रंग उमटतो.

"चाव. आता सोड. परत चाव."

कवळी काढल्यावर मागच्या दाताच्या टोकावर निळा ठिपका स्पष्ट दिसत होता. मास्तर समोर बसून बारीक कानशीने तो घासू लागले. कोपर टेबलाला टेकवलं होतं. बाई तशाच बोळक्या तोंडाने समोर बसून होत्या. उठून ओट्याकडे गेल्या नाहीत, तोंडावर हातही ठेवला नाही.

"थँक यू," मास्तर म्हणाले.

"काय?"

"थँक यू म्हटलं."

"घासताय तुम्ही, आणि थँक यू मला?"

"तुलाच." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या बाहीला डोळे पुसले आणि पुन्हा कानस हातात घेतली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलंस. फार बरं वाटलं मला."

"बरं, बरं," बाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे कोरडे नव्हते. "रडणं नंतर करा. आधी तो दात घासून द्या, मला भूक लागलीय."